बासच्या कॉइलला तांबं किती लागतं?

(कुडाळ येथे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, घरी स्पीकर बांधणाऱ्याला आपल्याकडे प्लायवूड मिळतं, सुतार मिळतो, खालच्या सुरांचे वूफर आणि वरच्या सुरांचे ट्वीटर मुंबईहून लॅमिंग्टन रोडवरून मागवता येतात. घोडं अडतं ते बासच्या कॉइलपाशी, म्हणजे वूफरकडे फक्त खालचे सूर जाऊ देणाऱ्या तारेच्या वेटोळ्यापाशी. दुकानात तयार मिळणाऱ्या कॉइल बहुतेक लहान असतात आणि मोठी मिळालीच तर ती बारीक तारेची निघते. आज मी फक्त या मोठ्या कॉइलबद्दल बोलणार आहे, कारण ती करून देणारी माणसं आपल्या तालुक्यातच आहेत आणि आपण त्यांच्याकडे जात नाही.

आधी आकडा. वूफरकडे जाणारे वरचे सूर कॉइल अडवते आणि जितकं खाली तोडायचं तितकी ती मोठी लागते. ८ ओहमच्या वूफरला ३००० हर्ट्झवर साध्या, पहिल्या दर्जाच्या, म्हणजे एकट्या कॉइलच्या फिल्टरसाठी सुमारे ०.४२ मिलिहेन्री (हे कॉइलची अडवण्याची ताकद मोजायचं माप) पुरतात. तोच वूफर १२७ हर्ट्झवर तोडायचा तर १० मिलिहेन्री लागतात. हिशेब सरळ आहे: ओहमला ६.२८ आणि हर्ट्झ यांच्या गुणाकाराने भागायचं. मात्र हे ८ ओहम कागदावरचे. खोक्यात बसवलेल्या वूफरचा इम्पीडन्स, म्हणजे हेच ओहम, त्याच्या रेझोनन्सपाशी (ज्या सुराला त्याचा पडदा आपोआप थरथरतो तिथे) कित्येक पटींनी चढतो, आणि बासचा क्रॉसओव्हर, म्हणजे सूर तोडायची जागा, नेमका त्याच टापूत पडतो. म्हणून इम्पीडन्स मोजल्याशिवाय तांबं विकत घेऊ नका.

आता मुद्द्याचं बोलतो. मिलिहेन्री कोणत्याही तारेने मिळतात, वेढे वाढवले की झालं. खरा प्रश्न तारेच्या रोधाचा, म्हणजे रेझिस्टन्सचा आहे. कॉइल वूफरच्या मालिकेत बसते. तिचा रोध ३ ओहम असला तर अ‍ॅम्प्लिफायरची ताकद तिथे उष्णता होऊन जाते आणि अ‍ॅम्प्लिफायरची वूफरवरची पकडही सुटते. मृदंगाच्या धुमेचा, म्हणजे खर्जाच्या बाजूचा, ठोका थांबायचा तिथे थांबत नाही, मागे लोंबकळत राहतो. डबलबारीच्या भजनाचं रेकॉर्डिंग अशा स्पीकरवर ऐका, मी काय म्हणतोय ते लगेच कळेल. म्हणून आधी रोध ठरवा, मग तार. ८ ओहमच्या वूफरला मी १ ओहमच्या आसपासची मर्यादा धरतो आणि जमलं तर त्याच्याही खाली जातो.

हवेच्या गाभ्याची, म्हणजे आत लोखंड नसलेली, कॉइल कोणत्या आकाराची असावी, याचं उत्तर जुनं आहे. मॅक्सवेलने १९व्या शतकातच हा हिशेब मांडला होता आणि १९३१ साली अमेरिकेच्या ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समधल्या ब्रूक्स यांनी तो नेमका केला. तारेच्या गठ्ठ्याचा छेद चौरस ठेवायचा आणि आतल्या पोकळीचा व्यास चौरसाच्या बाजूच्या दुप्पट घ्यायचा. दिलेल्या तारेतून जवळजवळ जास्तीत जास्त मिलिहेन्री याच आकारात मिळतात.

१० मिलिहेन्रीचंच उदाहरण पुढे नेऊ. फणसाच्या किंवा सागाच्या लाकडाचा ६० मिलिमीटर व्यासाचा, ३० मिलिमीटर जाडीचा गोल ठोकळा घ्या. दोन्ही बाजूंना १३० मिलिमीटरच्या प्लायच्या चकत्या लावा. १७ गेजची एनॅमल तार उघडी १.४२ मिलिमीटर असते, एनॅमल धरून साधारण दीड. एका थरात १९ वेढे, असे १९ थर, म्हणजे ३६१ वेढे. तार लागते सुमारे १०२ मीटर. तांबं जवळजवळ दीड किलो. रोध १.१ ओहम. आवाजाची पातळी यात साधारण एक डेसिबलने उतरते.

आणि इथेच तांब्याचा हिशेब अवघड होतो. मिलिहेन्री तेवढेच ठेवून रोध निम्मा करायचा, तर तांबं दुप्पट लागेल असं वाटतं. लागतं ते सुमारे २.८ पट, म्हणजे दीड किलोच्या जागी चार किलो! ही वाढ कुठे थांबवायची, हे ज्याने त्याने आपला खिसा आणि कान बघून ठरवावं. मी १.१ वर समाधानी आहे. एक पैसा मात्र कुठे घालवू नका, सांगून ठेवतो: पट्टीच्या फॉइलच्या किंवा अनेक पदरी लिट्झ तारेच्या महागड्या कॉइल. १०० हर्ट्झला तांब्यातली स्किन डेप्थ, म्हणजे प्रवाह पृष्ठभागापासून जितका आत शिरतो ती खोली, साडेसहा मिलिमीटरच्या वर असते. दीड मिलिमीटरच्या तारेत प्रवाह सगळीकडून सारखाच वाहतो.

गुंडाळायचं कुठे? पंपाच्या मोटारी रिवाइंड करणाऱ्याकडे. विहिरीवरचे पंप जळतात, त्यामुळे सावंतवाडीपासून चिपळूणपर्यंत प्रत्येक बाजारपेठेत वायंडिंगचं दुकान आहे. तार तिथे किलोवर मिळते, वेढे मोजणारं मशीन असतं, वार्निश असतं, आणि मुख्य म्हणजे हात बसलेला माणूस असतो. त्यांना क्रॉसओव्हर समजावत बसू नका. आमच्या वायंडिंगवाल्या काकांनी मला पहिल्यांदाच सांगितलं होतं, "गेज कितवो आणि वेढे किती, तेवढां सांगा." १७ गेज नसेल तर १९ गेजच्या दोन तारा एकत्र गुंडाळायला सांगा. दोन्हींचं मिळून क्षेत्रफळ जवळपास तेवढंच भरतं, आणि मोटारीत हे काम ते रोज करतात. फक्त तार तांब्याचीच आहे ना, हे टोक खरवडून बघा. अ‍ॅल्युमिनियमचा रोध तांब्याच्या सुमारे १.६ पट असतो.

काही जण ट्यूबलाइटचा जुना चोक घेऊन येतात. त्यात मिलिहेन्री शेकड्यांनी असतात, पण तार केसासारखी बारीक आणि रोध वूफरच्या ८ ओहमहूनही जास्त. तो इथे चालणार नाही.

दुसऱ्या दर्जाचा, म्हणजे कॉइलसोबत कपॅसिटरही असलेला, फिल्टर १०० हर्ट्झवर करायचा तर १८ मिलिहेन्री लागतात. तिथे हवेचा गाभा परवडत नाही. तेवढ्याच रोधाला साडेतीन किलो तांबं जातं. अशा वेळी ट्रान्सफॉर्मरचं सिलिकॉन स्टीलचं स्टॅम्पिंग, म्हणजे कापलेले पत्रे, वापरा. ट्रान्सफॉर्मरमध्ये इंग्रजी ई आणि आय अक्षरांच्या आकाराचे पत्रे आलटून पालटून भरतात. तसं इथे करायचं नाही. सगळे ई एका बाजूला, सगळे आय दुसऱ्या बाजूला, मध्ये जाड इन्सुलेशन पेपरची फट. ही फट नसली तर लोखंड लवकर सॅच्युरेट होतं, म्हणजे चुंबकत्वाने भरून जातं, आणि ऐन मोठ्या ठोक्याला मिलिहेन्री कोसळून आवाज फाटतो. फट वाढवली की वेढे वाढवावे लागतात, पण गाभा मोठा आवाज सहन करतो. गाभ्यात कंजुषी नको, शंका असेल तर एक माप मोठाच घ्या.

मोजायला एलसीआर मीटर (मिलिहेन्री थेट दाखवणारं यंत्र) नसला तरी चालतं. १५९ हर्ट्झला १ मिलिहेन्री म्हणजे बरोबर १ ओहम. मोबाइलवर १५९ हर्ट्झचा सूर लावा, अ‍ॅम्प्लिफायरमधून कॉइल आणि १० ओहम, १० वॅटचा रेझिस्टर मालिकेत जोडा, आवाज हळूच वाढवा आणि दोघांवरचे एसी व्होल्ट पाळीपाळीने मोजा. दोन्ही सारखे आले की कॉइल १० मिलिहेन्रीची. कॉइलवर १० टक्के जास्त आले तर मिलिहेन्रीही तितकेच जास्त. वेढ्यांचा परिणाम वर्गाने होतो, म्हणून वेढे पाचेक टक्केच काढायचे. वायंडिंग करताना दहा-पंधरा वेढे जास्त घ्यायला सांगितलेले बरे.

आता आपल्या हवेचं. मालवण-देवगडला खारा वारा आणि चार महिने पाऊस. एनॅमलखालचं तांबं टिकतं, पण टोकांच्या सोल्डरच्या डागावर हिरवट थर चढतो आणि स्टॅम्पिंगच्या कडा गंजतात. कॉइल वार्निशमध्ये बुडवून भट्टीत सुकवून घ्या, डागावरही वार्निशचा हात फिरवा. ठोकळा ओला असताना गुंडाळू नका, लाकूड आटलं की वेढे सैल होऊन गुणगुणतात. हवेच्या कॉइलच्या मधून लोखंडी बोल्ट घालायचा नाही, पितळी घाला किंवा नायलॉनच्या पट्ट्यांनी बांधा. वूफरच्या चुंबकापासून ती लांब ठेवा आणि दोन कॉइल शेजारी आल्या तर एक आडवी, एक उभी.

जत्रेला सिस्टीम घेऊन फिरणाऱ्या साउंडवाल्यांनी यातलं काही करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यांनी इलेक्ट्रॉनिक क्रॉसओव्हर आणि वेगवेगळे अ‍ॅम्प्लिफायर वापरावेत, कारण १००० वॅटला पुरेल अशी कॉइल टेम्पोत चढवण्यात अर्थ नाही. मी सांगतोय ते घरातल्या आणि देवळाच्या सभामंडपात कायमच्या बसवलेल्या स्पीकरसाठी.