पाय दिसले पाहिजेत: हॉलिवूडच्या जुन्या नाचगाण्यांच्या सिनेमांविषयी

[साधी खोली, मेजावर एक बूट. थेट कॅमेऱ्याकडे बघत.]

नमस्कार मंडळी.

हा बूट बघा, टॅप डान्सचा आहे. चवड्याखाली धातूची एक पट्टी, टाचेखाली दुसरी. [बूट मेजावर वाजवत] हा चवडा. ही टाच. 1930च्या दशकापासून पुढची वीस-पंचवीस वर्षं हॉलिवूडमध्ये या दोन आवाजांवर मोठमोठे सिनेमे उभे राहिले. मला ते जिवापाड आवडतात. तुम्हालाही त्यांची गोडी लागावी म्हणून आज बसलेय.

पुष्कळांची तक्रार मला ठाऊक आहे: गोष्टीत काही दम नसतो. ती त्याला भलताच कुणी समजते, रुसते, शेवटी सगळं उलगडतं आणि दोघं एक होतात. 1935 सालच्या 'टॉप हॅट'ची गोष्ट खरोखरच एवढीच आहे. पण आपल्याकडे माणसं संगीत नाटकाला रात्र रात्र बसायची ती काय गोष्टीसाठी? गोष्ट तर पाठ असायची. आज पद कसं रंगतंय, यासाठी बसायची. हे सिनेमेही तसेच बघायचे. गोष्टीला थोडी सूट द्यायची आणि नाच सुरू झाला की सावरून बसायचं.

मग बघायचं काय? मी दोनच गोष्टी बघते. पाय दिसतायत का, आणि कॅमेरा कट कधी घेतो.

[पडद्यावर: फ्रेड अस्टेअरचा फोटो]

हा फ्रेड अस्टेअर. जन्म 1899, नेब्रास्कातलं ओमाहा. लहानपणापासून बहीण ॲडेलबरोबर रंगमंचावर नाचायचा. 1932 साली ॲडेलनं लग्न करून नाच सोडला आणि पस्तिशीकडे झुकलेला हा माणूस सिनेमात आला. 'फ्लाइंग डाऊन टू रिओ'मध्ये, 1933 साली, त्याची जिंजर रॉजर्सबरोबर पहिल्यांदा जोडी जमली. पुढे दोघांचे मिळून 10 सिनेमे झाले.

त्याच वर्षी बझ्बी बर्कली हा नृत्यदिग्दर्शक दुसऱ्याच वाटेनं चालला होता. कॅमेरा उंच छताजवळ आणि खाली फुलासारख्या उमलणाऱ्या, मिटणाऱ्या मुलींच्या रांगा. फार देखणं काम आहे ते, पण त्यातली एकही मुलगी आपल्या लक्षात राहत नाही. अस्टेअरनं हट्ट धरला की मी नाचताना डोक्यापासून बुटापर्यंत पूर्ण दिसलो पाहिजे. मध्येच चेहऱ्याचा क्लोजअप नको, टाळ्या वाजवणाऱ्यांचे चेहरे नकोत आणि नाच होईल तितका सलग घ्यायचा. नाचायचं तर मी नाचेन, नाहीतर कॅमेरा नाचेल, असं त्याचं म्हणणं होतं.

हे ऐकायला सोपं वाटतं. पण सलग घ्यायचं म्हणजे शेवटच्या वळणावर पाऊल चुकलं तरी पुन्हा पहिल्यापासून. 1936च्या 'स्विंग टाइम'मधल्या शेवटच्या नाचाला चाळीसहून जास्त टेक झाले आणि जिंजरच्या पायांतून रक्त येऊ लागलं. पडद्यावर ती जिना गिरक्या घेत चढते, तेव्हा तिच्या चेहऱ्यावर त्यातलं काहीही नाही. तो नाच मी आता पूर्वीसारखा निर्धास्त बघूच शकत नाही.

'टॉप हॅट'मधला पिसांचा झगाही बघा. शहामृगाच्या पिसांचा तो झगा जिंजरनं हट्टानं घातला आणि गिरकी घेतली की पिसं सुटायची. अस्टेअरच्या कोटावर पिसं, नाकासमोर पिसं. तो चिडला, नंतर निवळला आणि पुढे तिला लाडानं 'फेदर्स' म्हणू लागला. नीट बघितलंत तर एखाद-दुसरं पीस तरंगत खाली येताना आजही दिसतं. त्या पिसासाठी मी ती क्लिप थांबवून थांबवून बघितलीय.

आता आवाजाचं. टॅपचे ठोके शूटिंगच्या वेळी ध्वनिमुद्रित होतात, असं मी बरीच वर्षं धरून चालले होते. तसं नाही. गाणं आधी रेकॉर्ड व्हायचं, त्यावर नाच चित्रित व्हायचा आणि पायांचा आवाज मागाहून पडदा बघत बघत भरायचा. जिंजरच्या पावलांचे ठोके हर्मिस पॅन भरायचा. हा अस्टेअरचा नृत्यदिग्दर्शक. तालमीत तो अस्टेअरसमोर जिंजर होऊन नाचायचा आणि मग जिंजरला शिकवताना अस्टेअर व्हायचा. म्हणजे पाय तिचे आणि आवाज त्याचा. यात मला फसवणूक वाटत नाही. आपल्याला तर पार्श्वगायन सवयीचं आहे, इथे पार्श्वपावलं आहेत इतकंच. एकदा डोळे मिटून नुसते ठोके ऐका. ज्यांनी कथकचा तत्कार ऐकलाय त्यांना बोल लगेच सापडतील.

[पडद्यावर: हॉटेलच्या खोलीचं साधं रेखाचित्र, गोल फिरणारं]

1951चा 'रॉयल वेडिंग'. पन्नाशी ओलांडलेला अस्टेअर हॉटेलच्या खोलीत एकटाच आहे, हातात आवडत्या मुलीचा फोटो. नाचता नाचता तो भिंतीवर चढतो, तिथून छतावर, मग पलीकडच्या भिंतीवरून परत खाली. संगणकाचा तर तेव्हा प्रश्नच नव्हता. अख्खी खोली एका मोठ्या पोलादी पिंपात बसवली होती, सामान खिळवून टाकलं होतं. कॅमेरा आणि कॅमेरामन दोघंही खोलीलाच बांधलेले. पिंप फिरलं की खोली फिरणार आणि तिच्याबरोबर कॅमेराही, त्यामुळे आपल्याला खोली स्थिर दिसते. अस्टेअर मात्र कायम खालच्याच बाजूला उभा असतो. युक्ती कळली तरी मजा कमी होत नाही, कारण मग त्याचं खरं काम दिसतं: सरकणाऱ्या जमिनीवर, नेमक्या ठोक्याला, पुढच्या भिंतीवर पाऊल टाकायचं आणि चेहरा प्रेमात पडलेल्या माणसाचा ठेवायचा.

जीन केलीवर मला थोडक्यातच बोलायचंय, कारण पावसातला तो नाच तुम्ही बघितलेला असणार. 'सिंगिंग इन द रेन', 1952. अस्टेअरचा रुबाब झगझगीत काळ्या कोटाचा, तर पिट्सबर्गचा हा गडी साधी पँट आणि पांढरे मोजे घालून नाचतो. मोजे पांढरे, म्हणजे नजर आपोआप पायांकडे जाते. त्या दृश्याच्या वेळी त्याच्या अंगात 103 ताप होता. रस्त्यातली डबकी हवी तिथे खणून घेतली होती. एकदा फक्त डबक्यांकडे बघा, तो पाय कुठे टाकतो ते. आणि त्याच सिनेमातली डेबी रेनॉल्ड्स अवघी एकोणीस वर्षांची. तिला नाच येत नव्हता. ती रडत असताना अस्टेअरनं तिला पाहिलं आणि आपल्या तालमीत नेऊन बसवलं. घाम गाळावाच लागतो, हे तिथे तिला दिसलं.

आता ज्यांच्यासाठी हा व्हिडिओ केला, त्यांच्याकडे येते.

टॅप जन्मला तो अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या पायांत, आयरिश नाचाच्या संगतीनं. पण सिनेमात नायक गोरा. 'स्विंग टाइम'मध्ये अस्टेअर बिल रॉबिन्सन या काळ्या नर्तकाला मानवंदना देतो, तीही काळा माणूस दिसावं म्हणून तोंडाला काळा रंग लावून. नाच उत्तम आहे आणि तो बघताना मला त्रास होतो. दोन्ही खरं आहे.

फेयार्ड आणि हॅरॉल्ड निकोलस हे भाऊ. आईवडील वादक, दोघांना नाचाची शाळा अशी कधी मिळालीच नाही. फेयार्ड थिएटरात पुढे बसून मोठ्यांचे नाच बघत शिकला आणि धाकट्याला त्यानं शिकवलं. न्यूयॉर्कच्या ज्या कॉटन क्लबमध्ये ते पोरवयात गाजले, तिथे काळ्या माणसानं नाचायचं आणि गोऱ्यानं बसून बघायचं असा रिवाज होता. सिनेमात त्यांचे नाच गोष्टीपासून सुटे ठेवायचे. वर्णभेद पाळणाऱ्या दक्षिण अमेरिकी राज्यांतल्या, म्हणजे अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या थिएटरांत तेवढा तुकडा कापला तरी कुठे अडायला नको.

1943चा 'स्टॉर्मी वेदर' मात्र सगळ्या काळ्या कलाकारांचा. कॅब कॅलोवेचा वाद्यवृंद वाजतोय, दोघं वादकांच्या मधल्या चौथऱ्यांवरून उड्या मारतात, पियानोवर चढतात. मग येतो जिना. एकेक पायरी हातभर उंच. एक भाऊ पायरीवर उतरतो, दुसरा त्याच्या डोक्यावरून उडी मारून खालच्या पायरीवर दोन्ही पाय फाकवून सपाट बसतो. मग वरचा उडी घेतो. असं करत शेवटच्या पायरीपर्यंत. नृत्यदिग्दर्शक निक कॅसलनं त्यांना सांगितलं होतं की याची तालीम करू नका. एकाच टेकमध्ये झालं. सिनेमातला याहून थोर नाच मी पाहिलेला नाही, असं खुद्द अस्टेअर म्हणायचा.

मी क्लिप लावतेय. उड्यांकडे सगळेच बघतात, तुम्ही त्यांचे हात बघा. पाय पूर्ण फाकलेले आहेत आणि तिथून दोघं उठतात ते जमिनीला हात न लावता, पायांच्या आतल्या ताकदीवर, जणू वरून कुणी अलगद ओढून घेतंय.

[पडद्यावर: जिना. आवाज पूर्ण.]