सीतेची आसवे चिखलाखाली काय करतात?

नमस्कार. साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढून पावसाळ्याच्या उत्तरार्धात कासच्या पठारावर गेलेल्यांपैकी बहुतेकांनी पाणथळ भागात पसरलेला निळसर जांभळा पट्टा पाहिलेला असतो आणि त्याच्यासमोर उभे राहून फोटोही काढलेला असतो. या फुलांना आपण सीतेची आसवे म्हणतो आणि वनस्पतिशास्त्रात या वनस्पतीचे नाव युट्रिक्युलॅरिया पर्प्युरासेन्स असे आहे. नावामागची लोककथा आपल्याला ठाऊक असेलच, म्हणून तिच्यात शिरत नाही. आज ही वनस्पती आपली गरज कशी भागवते ते पाहू, कारण मोबाइलवर फिरणाऱ्या ‘किडे खाणारे फूल’ या मजकुरात फुलावर नाहक आळ घेतलेला असतो.

(फुलाचे जवळून चित्रण)

हे फूल नीट पाहा. वीतभर उंचीच्या, दोऱ्याइतक्या बारीक दांड्यावर ते उमलते. वरचा ओठ लहान, खालचा रुंद, त्याच्या मध्यभागी पांढुरका डाग आणि मागच्या बाजूला खाली झुकलेली टोकदार शुंडिका, म्हणजे शेपटीसारखी पोकळ नळी. या शुंडिकेत मध असतो. म्हणजे फूल कीटकांना बोलावते ते परागीभवनासाठी. त्यांपैकी एकालाही ते पकडत नाही. याच सड्यावर, म्हणजे खडकाळ पठारावर, उगवणारी दवबिंदू नावाची वनस्पती मात्र पानांवरच्या चिकट थेंबांनी लहान किडे खरोखर धरते, आणि माझ्या मते या दोन वनस्पतींची माहिती एकमेकींत मिसळल्यामुळेच हा गोंधळ झाला आहे.

सीतेच्या आसवांचे सापळे आपल्याला दिसतच नाहीत, कारण ते ओल्या मातीत असतात. या वनस्पतीला खरे मूळ नसते. मुळांच्या जागी मातीत धाग्यांसारखी बारीक खोडे पसरलेली असतात आणि त्यांच्यावर जेमतेम मिलिमीटरभर आकाराच्या पारदर्शक पिशव्या लागलेल्या असतात. प्रत्येक पिशवीला एक तोंड असते, तोंडाला आत उघडणारे दार असते, आणि पिशवीच्या भिंतीतील ग्रंथी आतले पाणी सतत बाहेर टाकत असतात. त्यामुळे आतला दाब कमी होऊन पिशवीच्या भिंती आत ओढल्या जातात. ड्रॉपरचा रबरी फुगा दाबून धरावा आणि तो पाण्यात बुडवून सोडावा, तसाच हा प्रकार आहे. मातीतल्या पाण्यात वावरणारा एखादा सूक्ष्म जीव दाराशी आला, दार क्षणभर उघडले, की भिंती पूर्ववत फुगतात आणि पाण्याबरोबर तो जीवही आत खेचला जातो. दार मिटते, पाचक रस आपले काम करतात आणि ग्रंथी पुन्हा पाणी उपसायला लागतात.

हे किती वेगाने घडते, याची मोजणी याच वंशातील पाण्यात तरंगणाऱ्या जातींवर झाली आहे. 1875 मध्ये चार्ल्स डार्विन यांनी कीटकभक्षी वनस्पतींचा अभ्यास मांडला, तेव्हा त्यांचा समज असा होता की जीव स्वतःच डोक्याने दार ढकलून आत शिरतात. पुढे सापळ्यातील ओढ लक्षात आली, आणि 2011 मध्ये फ्रान्स व जर्मनीतील संशोधकांनी अतिवेगवान कॅमेऱ्याने चित्रण केले तेव्हा ही सारी क्रिया एक सहस्रांश सेकंदाच्याही आत उरकते असे दिसले. जगातील सर्वांत चपळ वनस्पतींत या वंशाची गणना होते ती यामुळे.

आता इतका खटाटोप कशासाठी? अन्न तयार करण्यासाठी निश्चितच नव्हे. ते काम इतर हिरव्या वनस्पतींप्रमाणे सूर्यप्रकाशावर चालते. कमतरता आहे ती नत्राची आणि स्फुरदाची. कासचा सडा जांभ्या खडकाचा आहे, त्याच्यावर मातीचा थर अगदी पातळ आहे आणि पावसाळाभर त्याच्यावरून वाहणारे पाणी जी काही विद्राव्य अन्नद्रव्ये असतील ती धुऊन नेते. खाली कृष्णाकाठी उसाला युरियाची पोती टाकून जे साधले जाते, ते येथे या पिशव्यांमधून, एकेका सूक्ष्म जीवामागे थोडे थोडे साधले जाते.

या व्यवस्थेची एक अट आहे : मातीत पाणी साचलेले किंवा झिरपत असले पाहिजे. पाणी नसेल तर पिशवीत खेचले जाण्यासारखे काही उरत नाही. म्हणून ही फुले सड्यावर सर्वत्र न दिसता उथळ डबक्यांच्या काठी आणि पाझर असलेल्या उतारावर, पांढऱ्या गेंदांच्या सोबतीने दिसतात. पाऊस सरल्यावर माती सुकते, झाड मरते, आणि पुढच्या जूनपर्यंत राहते ते फक्त बारीक बी. उन्हाळ्यात तेथे गेल्यास उघडा, तापलेला कातळ तेवढा दिसेल.

2012 मध्ये पश्चिम घाटाबरोबर कासचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत झाला आणि गर्दीही वाढली. लोक फुले तोडतात याची चर्चा पुष्कळ होते, परंतु माझ्या मते त्याहून मोठे नुकसान फुलांच्या मधोमध बसून फोटो काढण्याने होते. तेथे पाय ठेवला की पातळ थर दाबला जातो, मातीच्या कणांमधील पोकळ्या बंद होतात आणि त्या पोकळ्यांतील पाण्यावर चालणारे सापळे निकामी होतात. फूल मोडले नाही म्हणजे झाड वाचले, असे येथे धरता येत नाही.

‘हे रोप घरी कुंडीत लावता येईल का?’ असे पुष्कळ जण विचारतात. शेणखत घातलेली कुंडीतली माती या झाडाला मानवत नाही, आणि उपटताना मातीतले धागे तुटतात ते वेगळेच. सीतेच्या आसवांचे रोप म्हणून कोणी रस्त्याकडेला काही विकत असेल, तर ते एखाद्या सड्यावरून उपटून आणलेले आहे असे समजायला हरकत नाही, तेव्हा ते घेऊ नये.