पहिला दात ते पहिला दवाखाना

[दृश्य: कोपरखैरण्यातली माथाडी वसाहत, सकाळ. अरुंद गल्ली, दारात वाळत घातलेली झबली. आत आजीच्या मांडीवर आठ-नऊ महिन्यांचं बाळ.]

बाळाच्या खालच्या हिरडीतून पहिला दात डोकावतो तो साधारण सहाव्या महिन्यात. कुणाला थोडा आधी, कुणाला वर्ष भरत आल्यावर. घरभर कौतुक होतं. फोटो निघतो आणि साताऱ्याला, सांगलीला, गावाकडच्या ग्रुपवर जातो. मग त्या दाताचा विषय संपतो. तो पुन्हा निघतो तीन-चार वर्षांनी, एखाद्या रात्री पोर गाल धरून रडत उठतं तेव्हा.

मधल्या वर्षांत आई आरोग्य केंद्रात जात नाही असं नाही. नऊ महिने पूर्ण झाले की गोवर-रुबेलाची लस आणि जीवनसत्त्व ‘अ’चा डोस असतो. सोळा ते चोवीस महिन्यांत पुन्हा लस. वजन होतं, कार्डावर टिंब पडतं, रेघ वर चाललीय की खाली हे ताई समजावून सांगतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून सुरू आहे. त्याचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं आणि त्यांच्या तपासणीच्या यादीत दातांचे विकारही आहेत. पण पथक येतं त्या आठवड्यात पोर आजोळी गेलेलं असलं, तर पुढची पाळी थेट सहा महिन्यांनी. दुधाच्या दातावरचं कठीण आवरण कायमच्या दातापेक्षा पातळ असतं. त्याला किडायला सहा महिने पुष्कळ झाले.

मुलांच्या दातांची काळजी कशी घ्यावी हे घरच्यांना सांगणाऱ्या मोबाइल ॲपची खरी गरज आहे ती या मधल्या काळात. बाळाची जन्मतारीख एकदा भरली, की कोणत्या महिन्यात घरच्यांना काय सांगायला हवं हे ॲपला कळतं. सहाव्या महिन्यात पहिल्या दाताबद्दल. नवव्या महिन्यात, लसीच्या दिवसाला जोडूनच, बाटलीबद्दल. पहिल्या वाढदिवसाला दंतवैद्याकडे जाण्याबद्दल. हो, पहिल्या वाढदिवसालाच. बालदंतवैद्य जगभर हाच सल्ला देतात आणि आपल्याकडे तो ऐकून बहुतेक घरं चकित होतात.

[दृश्य: रात्र. मंद दिवा. बाटली तोंडात धरून झोपलेलं दीड वर्षाचं मूल.]

या दृश्यात कुणाचीही हयगय नाही. दिवसभर राबलेली आई आहे, पोराला झोप लागावी म्हणून दुधात थोडी साखर घातली आहे. पण तोंडात काय घडतंय ते पाहायला हवं. तोंडातले जंतू साखरेवर जगतात आणि आम्ल सोडतात. दातालगतचा पीएच (आम्ल मोजायचा आकडा, तो जितका कमी तितकं आम्ल जास्त) साडेपाचच्या आसपास किंवा त्याखाली उतरला की दातातलं कॅल्शियम विरघळू लागतं. दिवसा लाळ हे आम्ल सौम्य करते, अर्ध्या-एक तासात तोंड पूर्ववत होतं. झोपेत लाळ अगदी कमी सुटते. मग वरचे पुढचे चार दात रात्रभर त्या गोड दुधात राहतात. खालचे वाचतात, कारण त्यांच्यावर जीभ आलेली असते. म्हणूनच दोन वर्षांच्या कितीतरी मुलांचे वरचे दात तपकिरी, झिजलेले आणि खालचे पांढरेशुभ्र दिसतात. दंतवैद्याला तोंड उघडताक्षणी बाटली ओळखू येते ती यामुळे.

दिवसाचं गणितही असंच आहे. जेवणानंतर एक लाडू खाल्ला तर लाळेला आपलं काम उरकता येतं. तोच लाडू दुपारभर कण-कण कुरतडत राहिला, मध्येच चहात बुडवलेलं बिस्किट आलं, संध्याकाळी दुकानातली पुडी आली, की आम्लाला सुट्टीच नाही. साखर किती, याइतकंच किती वेळा, हे महत्त्वाचं. घरात हे एकदा नीट कळलं की खाऊ बंद करायची गरज पडत नाही, त्याची वेळ ठरवली तरी पुष्कळ साधतं.

[दृश्य: आई बाळाचा वरचा ओठ हलकेच उचलते. हिरडीलगत दातांवर खडूसारखी पांढरी रेघ. कॅमेरा जवळ जातो आणि थांबतो.]

ही रेघ लक्षात ठेवा. कीड इथे सुरू होते. अजून खड्डा नाही, दुखणं नाही, काळेपणा नाही. फ्लोराइडची, म्हणजे दात कडक करणारं द्रव्य घातलेली पेस्ट आणि बाटलीपासून सुटका, एवढ्यावर ती थोपवता येते, दात पुन्हा कडक होऊ शकतो. ती पाहायला खुर्ची लागत नाही की यंत्र लागत नाही. उजेडाकडे तोंड करून महिन्यातून एकदा वरचा ओठ उचलायचा. ॲपनं पालकांकडून एकच गोष्ट करून घ्यायची ठरवलं, तर ती ही असावी.

‘दुधाचेच दात आहेत, पडणारच की.’ ठाण्यात, ऐरोलीत, घणसोलीत, कुठेही हे ऐकू येतं. पुढचे दात वयाच्या सहाव्या-सातव्या वर्षी पडतात हे खरं. पण मागच्या दुधाच्या दाढा दहा ते बारा वर्षांपर्यंत तोंडात असतात. चार वर्षांच्या मुलाला पुढची सहा-सात वर्षं भाकरी त्याच दाढांनी चावायची आहे. दाढ दुखते म्हणून मूल एका बाजूनं खातं, मग कमी खातं, मग वजनाचं टिंब खाली येतं आणि आपण टॉनिक शोधत बसतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार जगात ५१ कोटींहून अधिक मुलांचे दुधाचे दात किडलेले आहेत. इतक्या मुलांचं दुखणं ‘पडणारच की’ म्हणून सोडून द्यायचं, हे आम्हाला पटत नाही.

[दृश्य: मोबाइलचा पडदा. बोट एकेक ॲप सरकवतं.]

अशी ॲप आहेत का? आहेत. केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं दिल्लीच्या एम्सच्या साथीनं २०१९ मध्ये ‘ई-दंतसेवा’ सुरू केली. तिचं संकेतस्थळ आहे आणि ॲपही. एम्सच्याच बालदंतवैद्यांनी २०२४ मध्ये ‘हेल्दी स्माइल’ आणलं. त्यात मुलांसाठी दोन मिनिटांचं संगीत लावलेलं ब्रशचं घड्याळ आहे. दातांच्या आरोग्यासाठी मोबाइल कसा वापरावा, याची मार्गदर्शिका जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघानं २०२१ मध्ये मिळून काढली. माहितीचा तुटवडा नाही. ती कोपरखैरण्याच्या या घरात, योग्य माणसाच्या कानावर, योग्य वेळी पडते का, एवढंच पाहायचं आहे.

या घरात स्मार्टफोन एकच आहे. तो बाबांजवळ असतो आणि बाबा वाशीच्या बाजार समितीत. सकाळी अकराला आलेला संदेश गोण्यांच्या थप्पीजवळ, खिशात वाजतो. पोर त्या वेळी आजीजवळ. रात्री बाबा घरी येतात तेव्हा दिवसभराच्या शंभर संदेशांखाली तो गाडला गेलेला असतो. वेळ बदलली, रात्री साडेआठला, जेवणं उरकताना तोच संदेश आला, तर आई, बाबा, आजी तिघंही समोर असतात आणि ब्रश हाताशी असतो. ॲप बनवणाऱ्यांनी रंग आणि चित्रांपेक्षा या एका गोष्टीवर जास्त विचार करावा, असं आम्हाला मनापासून वाटतं.

दुसरी गोष्ट, आवाजाची. आजी वाचत नाहीत, पण ऐकतात आणि ऐकलेलं विसरत नाहीत. मुंबईतल्या ‘आरमान’ संस्थेनं ‘एममित्र’मधून गरोदर बायकांना आणि बाळंतिणींना त्यांच्या महिन्यानुसार फोनवर आवाजी संदेश दिले. साधा फोन असला तरी चालतं, ॲप उतरवावं लागत नाही, जागा भरली म्हणून काढून टाकावं लागत नाही. दातांच्या ॲपलाही असा आवाज हवा, तोही आजींशी आदरानं बोलणारा. कारण बाळाला मध चाटवायचा की नाही, चोखणी गुळात बुडवायची की नाही, हे दिवसभर त्याच ठरवतात. ‘आजी, तुमचं चुकतंय’ म्हणणारा फोन त्या दुसऱ्यांदा उचलणार नाहीत. ‘आजी, तुम्ही दिवसभर बाळाजवळ असता, तुमची एक मदत हवी’ म्हणणारा उचलतील.

[दृश्य: बोटाच्या टोकावर लहान ब्रश, त्यावर तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट.]

तीन वर्षांखालच्या मुलाला पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांत वाटाण्याएवढी. जाहिरातीत ब्रशभर लाटेसारखी पसरलेली पेस्ट दिसते, तेवढी कुणालाच लागत नाही. साधारण १००० पीपीएम (दहा लाख भागांत हजार भाग) फ्लोराइड असलेली पेस्ट घ्यावी, आकडा ट्यूबवर छापलेला असतो. फ्लोराइड विष आहे, असं सांगणारे व्हिडिओ याच फोनवर येतात आणि आईबाप घाबरतात. भीतीला थोडा आधारही आहे: चंद्रपूर, यवतमाळच्या काही गावांत भूजलातल्या जादा फ्लोराइडमुळे दातांवर डाग पडतात. प्रश्न मात्रेचा आहे आणि म्हणूनच तो तांदळाचा दाणा. ॲपनं ही भीती झटकून न टाकता शांतपणे उत्तर द्यावं. मशेरीबद्दलही तसंच. आजी मशेरी लावतात आणि नातू बघतो. मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखू, ती लहानग्याच्या हिरडीला लावायची नाही, हे स्पष्ट आणि एकदाच सांगावं.

ब्रश मोठ्यांनीच करायचा, मूल सात-आठ वर्षांचं होईपर्यंत. लहान हाताला मागच्या दाढेपर्यंत ब्रश नीट फिरवता येत नाही. इथे ॲपचं दोन मिनिटांचं गाणं खरोखर कामी येतं.

एवढ्यानं सवय बदलते का? मोबाइलवरच्या माहितीनं पालकांना दातांविषयी अधिक कळतं, हे निरनिराळ्या देशांतल्या चाचण्यांत दिसलं आहे. सवय बदलून टिकते का, याचं उत्तर तेवढं ठाम नाही. म्हणून फोनच्या पुढे माणूस लागतो. फोटो काढून दात तपासणारी ॲपही आली आहेत. पुढच्या दातांवरचा डाग फोटोत दिसतो, पण दोन दाढांच्या फटीतली कीड दिसत नाही. फोटोवरून ‘सगळं ठीक’ असं ॲप म्हणालं म्हणून दवाखाना टाळू नये.

[दृश्य: हार्बर मार्गावरची लोकल, नेरुळ स्थानकाची पाटी. पुढे दंत महाविद्यालयाचा बालदंत विभाग.]

नवी मुंबई या बाबतीत भाग्यवान आहे. नेरुळला डी. वाय. पाटील आणि तेरणा, बेलापूरला भारती विद्यापीठ, खारघरला वाय. एम. टी., कामोठ्याला एमजीएम: एकाच लोकल मार्गाच्या आसपास पाच दंत महाविद्यालयं. कोपरखैरण्याहून एका सकाळीत जाऊन येण्यासारखं अंतर. घराजवळचं महाविद्यालय, स्थानक, बाह्यरुग्ण विभागाची वेळ, एवढं ॲपनं बोलून सांगितलं तरी कितीतरी मुलं वेळेत पोहोचतील.

तिथे काय होतं ते आधीच दाखवलं तर भीती जाते. डॉक्टर आणि आई समोरासमोर, गुडघ्याला गुडघा लावून बसतात. बाळाचे पाय आईच्या कमरेशी, डोकं डॉक्टरांच्या मांडीवर. आई बाळाचे हात धरते, बाळ आईचा चेहरा पाहत राहतं. ते थोडं रडतं, त्यामुळे तोंड आपोआप उघडतं आणि तपासणी मिनिटभरात होते. कीड लागलेली असली तरी दर वेळी ड्रिल लागतं असं नाही. सिल्व्हर डायमिन फ्लोराइड नावाचं औषध थेंबभर लावलं की बऱ्याचदा कीड जागेवर थांबते. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं ते अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं. किडलेला भाग मात्र काळा पडतो आणि काळाच राहतो. ही गोष्ट आईला औषध लावण्याआधी सांगायची असते, नंतर नाही.

[दृश्य: पावणेसहा वर्षांची मुलगी आरशात आ वासून पाहते आहे.]

आणि एक संदेश पालकांना अगदी हमखास मिळायला हवा, मूल साडेपाच वर्षांचं होताना. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या शेवटच्या दाढेमागे एक नवी दाढ येते. ती येताना एकही दात पडत नाही, म्हणून घरात कुणाला पत्ता लागत नाही. दिसली तरी दुधाचीच वाटते. ती कायमची असते. तिच्यावरच्या खोल खाचांत अन्न अडकतं आणि ती लवकर किडते. पूर्ण वर आल्याबरोबर त्या खाचा भरून घेता येतात, त्याला सीलंट म्हणतात. त्यासाठी दात कोरावा लागत नाही आणि सुई टोचावी लागत नाही. नेरुळ, बेलापूर, खारघर, कामोठे, जे जवळ असेल तिथे बालदंत विभागात जाऊन ‘सहाव्या वर्षाची दाढ दाखवायची आहे’ एवढं सांगायचं.