बांद्याची पाटी

(दृश्य: महाविद्यालयाचा लांबलचक व्हरांडा. टेबलं मांडणारी मुलं, भिंतींवर कागद चिकटवण्याची लगबग.)

निवेदन:
वर्षअखेरीचं मूल्यमापन आलं की मुंबईतल्या या डिझाइन महाविद्यालयात टेबलं कमी पडतात. वर्षभर केलेलं सगळं मांडायचं असतं, रद्द केलेले कागदसुद्धा. तिसऱ्या वर्षाच्या या विद्यार्थिनीचं टेबल बघा. राखाडी रंगाच्या पट्ट्या, आगळाच्या, म्हणजे कोकमाच्या रसाच्या बाटल्या, गंजिफांवरची, म्हणजे हाताने रंगवलेल्या गोल पत्त्यांवरची एक जाडजूड वही, बोरूने गिरवलेले अक्षरांचे ताव आणि एसटी स्टँडसाठी केलेली एक पाटी. गावाकडची माणसं तिला विचारतात, "तू नक्की शिकतेस तरी काय गं?" त्यांचं विचारणं रास्त आहे. टेबलावरच्या कुठल्याही दोन वस्तूंचा वरवर एकमेकींशी संबंध दिसत नाही.

शाळेत एलिमेंटरी, इंटरमिजिएटला बसलेल्यांना यातलं थोडं ओळखीचं वाटेल. स्मरणचित्र, संकल्पचित्र, अक्षरलेखन. इथे मात्र हात चांगला असणं ही फक्त सुरुवात.

(दृश्य: पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत जाणारी रंगपट्टी, अगदी जवळून.)

ही पट्टी पहिल्या वर्षाची. पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत पायऱ्या रंगवायच्या आणि दोन पायऱ्यांमधलं अंतर डोळ्याला सगळीकडे सारखं वाटलं पाहिजे. ऐकायला सोपं आहे. पण पांढऱ्यात काळ्याचा पहिला थेंब पडला की रंग एकदम खाली उतरतो, आणि पुढे गडद छटांमध्ये तेवढाच काळा घातला तरी काही फरक दिसत नाही. त्यात पोस्टर कलर ओला असताना एक दिसतो, वाळल्यावर दुसरा. म्हणून रंगवायचं, वाळू द्यायचं, शेजारच्या पायरीला लावून बघायचं आणि पुन्हा कालवायचं. असा पायाभूत अभ्यासक्रम जर्मनीत १९१९ साली सुरू झालेल्या बाउहाउस या शाळेत योहानेस इटेन यांनी रुजवला. तिथून तो जगभर पसरला आणि आपल्याकडेही आला.

(दृश्य: आगळाच्या बाटल्या. एका बाटलीचं लेबल लाल डागांनी भरलेलं.)

दुसरं एक नाव इथल्या मुलांच्या कानावर लवकर पडतं. चार्ल्स आणि रे ईम्स. भारत सरकारच्या बोलावण्यावरून हे अमेरिकन डिझायनर दांपत्य इथे आलं, फिरलं आणि १९५८ साली त्यांनी एक अहवाल दिला. त्यातून पुढे अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. या अहवालात त्यांना सगळ्यात भावलेली वस्तू कोणती, तर आपला लोटा. त्यात पाणी किती मावतं, तो कमरेवर नेतात की डोक्यावर, ओतताना धार कशी पडते, घासायला हात आत जातो का, असे प्रश्न त्यांनी त्या लोट्याला विचारले.

आपल्या या विद्यार्थिनीने तेच प्रश्न घरच्या आगळाच्या बाटलीला विचारले. आगळ ओतलं की शेवटचा ओघळ बाटलीच्या अंगावरून उतरतो आणि थेट लेबलावर जातो. महिन्याभरात कधी काढलं तीच तारीख पुसलेली. हिने तारीख झाकणावर नेली आणि लेबल बाटलीच्या मागच्या अंगाला सरकवलं. चित्र, रंग वगैरे नंतर. आत्याला ती बाटली पसंत पडली, एवढं इथे पुरे.

(दृश्य: सावंतवाडीचा राजवाडा. गोल गंजिफांवर बारीक कुंचल्याने चाललेलं रंगकाम.)

आता ही जाड वही. सावंतवाडीच्या राजवाड्यात आजही गंजिफा हाताने रंगवल्या जातात. ही कला संपत आली होती. तिथल्या राजघराण्यातले शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी पुढाकार घेतला आणि तिला पुन्हा उभं केलं. दशावतारी गंजिफांचा संच १२० पानांचा. दहा अवतार, प्रत्येकाची बारा पानं: राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत. दिवसा खेळताना रामाचा मान पहिला, रात्री कृष्णाचा.

वहीत सुरुवातीला नुसती सुंदर चित्रं आहेत. पुढच्या पानांवर मात्र तिची नजर बदललेली दिसते. गोल पानाला कोपरा नसतो, त्यामुळे कोपऱ्यात आकडा लिहायची सोय नाही. पानं हातात पसरली की कडेची पट्टी तेवढी दिसते. म्हणून प्रत्येक अवताराच्या पानांची जमीन, म्हणजे चित्रामागचा भाग, वेगळ्या रंगाची. मासा की कासव हे दिसण्याआधी रंगावरून पान कळतं. शोभेसाठी आहेत असं आपण धरून चाललेले हे रंग खेळणाऱ्याच्या कामाचे आहेत. वहीत तिने हे चार ओळींत लिहिलंय आणि खाली कडेच्या पट्ट्या रंगवून दाखवल्या आहेत. मला ही चार पानं फार मोलाची वाटतात.

(दृश्य: बोरू तासणारा हात. टोकाला तिरका छेद. कागदावर उमटणारा 'ळ'.)

आणि अक्षरं. मराठी मुलांनी डिझाइन शिकावं ते यासाठी, असं मी मनापासून म्हणेन. जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याने एकोणिसाव्या शतकात देवनागरीला छपाईचे देखणे खिळे दिले. कमल शेडगे यांनी नाटकांची नावं अशी रेखाटली की वर्तमानपत्राच्या जाहिरातीतच नाटकाचा पडदा वर जायचा. कवी आणि अक्षरकार र. कृ. जोशी यांनी आयआयटी मुंबईच्या डिझाइन केंद्रात विद्यार्थी घडवले. लाखो संगणकांवर पोचलेला 'मंगल' हा फॉन्टही त्यांचाच.

तरीही काम उरलंय. पाकळीचा 'ल' आणि देठाचा 'श' ही हिंदीपेक्षा वेगळी, आपली मराठी वळणं शासनाने २००९ च्या निर्णयात प्रमाण ठरवली. पण रस्त्यावरच्या किती फलकांवर ती दिसतात, ते बघत चला. समुद्र म्हणजे 'दर्या' आणि डोंगरातल्या 'दऱ्या', यांतला 'र' वेगळा काढावा लागतो, हे फॉन्ट करणाऱ्याला आधी माहीत हवं.

(दृश्य: व्हरांड्याच्या एका टोकाला पाटी, दुसऱ्या टोकाला खुर्चीत बसलेले वॉचमन.)

एसटी स्टँडच्या पाटीसाठी हिने ठसठशीत, जाड अक्षर काढलं. पावसात, संध्याकाळी, लांबून दिसावं म्हणून. पाटी व्हरांड्याच्या टोकाला लावली आणि दुसऱ्या टोकाला वॉचमनमामांना विचारलं.

"मामा, तिथलं काय वाचता येतंय?"

"वांदा," मामा म्हणाले. "कसला वांदा झालाय गं?"

पाटीवर होतं 'बांदा'. गोव्याच्या वाटेवरचं, सावंतवाडीच्या पुढचं गाव.

झालं होतं असं. अक्षर जाड केलं की त्याच्या पोटातली पोकळी बुजते. 'ब'च्या पोटातली तिरकी रेघ त्या काळ्यात हरवली आणि लांबून 'व' उरला. मग या भिंतीवरचे ताव आले. एकात पोट मोठं केलं, तर 'ब' शेजारच्या अक्षरांपेक्षा फुगलेला. दुसऱ्यात आतली रेघ बारीक केली, तर ती जवळून छान आणि लांबून गायब. शेवटी पोट थोडं रुंद, रेघ बाकीच्या जाडीपेक्षा किंचित हलकी आणि तिची दोन्ही टोकं कडेला भिडण्याआधी निमुळती, असा 'ब' ठरला. तोच धडा मग 'ष'ला लागला, 'भ' आणि 'म'ला लागला, 'घ' आणि 'ध'ला लागला. मामांनी हे सगळं वाचून दिलं, रोज ड्युटी बदलायच्या आधी.

(दृश्य: परीक्षक टेबलापाशी. रद्द तावांचा गठ्ठा चाळणारे हात.)

परीक्षकांनी पाटीकडे एकदा पाहिलं आणि रद्द तावांचा गठ्ठा उचलला. हा 'ब' का सोडलास? हा का ठेवलास? बराच वेळ त्याच गठ्ठ्यावर गेला. राखाडी पट्टी, बाटली, गंजिफांची वही यांनाही तोच प्रश्न. समोरच्याला काय दिसलं आणि त्यावर तू काय बदललंस? हा प्रश्न कळला की या टेबलावरच्या वस्तू एकमेकींच्या शेजारी का आहेत तेही कळतं.

(दृश्य: नवा कोरा ताव. पेन्सिलीने आखलेली शिरोरेषा.)

चौथ्या वर्षासाठी तिने सिंधुदुर्गातल्या स्टँडवरच्या सगळ्या गावांची नावं निवडली आहेत. कुडाळ आणि झाराप सरळ आहेत. दोडामार्गात रफार आहे. कस लागणार आहे तो वेंगुर्ल्याला: 'व'वर मात्रा आणि अनुस्वार एकाच जागेसाठी भांडतात, 'ग'ला खाली उकार, आणि रफार जाऊन बसतो 'ला'च्या कान्यावर. हे सगळं बसच्या पाटीच्या ठरलेल्या उंचीत मावलं पाहिजे आणि मामांना व्हरांड्याच्या टोकावरून वाचता आलं पाहिजे. पहिले ताव काढून झाले आहेत. अनुस्वार अजून मात्रेला चिकटतोय.