‘बसा’ म्हणू की ‘बस’?

नमस्कार श्रोतेहो.

मागच्या पावसाळ्यात मी एका शब्दापाशी अडले होते, तिथूनच सुरुवात करते. शब्द इंग्रजी, आणि अगदी एवढासा: ‘सिट’.

कादंबरी प्रेमाची, आजच्या काळातली. नायिका जनावरांची डॉक्टर, वय अडतीस, घटस्फोट झालेला. नायक शेजारच्या हार्डवेअरच्या दुकानाचा मालक, मोजकं बोलणारा. पहिली शंभर-सव्वाशे पानं दोघं गाडी लावायच्या जागेवरून भांडतायत. मग एका रात्री ती एका अडलेल्या गाईपाशी तासन् तास बसते आणि पहाटे परत येते. तो दुकान उघडत असतो. तिचे हात थरथरतायत हे त्याला दिसतं. तो काही विचारत नाही. आतली खुर्ची बाहेर ओढतो आणि म्हणतो, ‘सिट’.

हे मी माझ्या सासूबाईंना वाचून दाखवत होते. त्यांचं वय ८१. मोतीबिंदू निघाला, पण डोळ्यांच्या पडद्याचा त्रास मागे उरलाय, त्यामुळे बारीक अक्षर दिसत नाही. आयुष्यभर वाचत आलेल्या बाईची ही केवढी उपासमार! म्हणून दुपारी चहाच्या आधी एक तास मी त्यांना वाचून दाखवते. पुस्तक इंग्रजीत, सांगायचं मराठीत, तेही जागच्या जागी, विचार करायला वेळ न घेता. आणि तो माणूस खुर्ची ओढून म्हणतोय, ‘सिट’. आता त्याला ‘बसा’ म्हणू की ‘बस’?

मी म्हटलं, ‘बस.’

सासूबाई ताठ झाल्या. ‘आलं का ‘बस’वर? आणि ती काय म्हणाली?’

मी पुढचं वाक्य पाहिलं. ती त्याला विचारते, तुम्ही नेहमी असे हुकूम सोडता का? इंग्रजीत तिथंही ‘यू’च. पण माझ्या तोंडून आपसूक ‘तुम्ही’ गेलं. सासूबाई हसल्या. ‘बरोबर आहे,’ म्हणाल्या, ‘ती इतक्यात ‘तू’ म्हणायची नाही.’

तीसेक वर्षं मी अशा कादंबऱ्या वाचतेय, शेकड्यांनी वाचल्यात. तरी त्या दुपारपर्यंत माझ्या ध्यानात आलं नव्हतं की इंग्रजीत लिहिलेल्या प्रत्येक प्रेमकथेत, मराठीत सांगायची म्हटली, तर दोन पानं शोधावी लागतात. एक पान, जिथं तो ‘तुम्ही’चा ‘तू’ करतो. दुसरं, जिथं ती करते. लेखिकेनं ती पानं कुठंही दाखवलेली नसतात, कारण तिच्या भाषेत त्यांची गरजच नाही. ती आपली आपण ठरवायची. आणि ती ठरवायला बसलं की त्या जोडप्याकडे इतकं निरखून पाहावं लागतं, की विचारू नका.

मी ते करतेय. आता पाचवी कादंबरी चालू आहे.

पुढचं सांगण्याआधी थोडं मागे जाते. मी मूळची अमरावतीची. लग्न होऊन बडोद्याला आले, दांडिया बाजारात. इथं आल्यावर पहिल्या वर्षी मला दोन गोष्टींनी सावरलं. एक, मांडवीजवळचं मध्यवर्ती ग्रंथालय. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेतून बॉर्डन नावाचे ग्रंथपाल बोलावून संस्थानभर ग्रंथालयांची व्यवस्था लावून घेतली. पुस्तकांच्या लाकडी पेट्या गावोगाव फिरायच्या. त्याच्या चार वर्षं आधी, १९०६ मध्ये, त्यांनी सगळ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं होतं. आधी वाचायला शिकवायचं आणि मग हातात पुस्तक द्यायचं, हा क्रम मला फार आवडतो. त्या ग्रंथालयातली काचेची जमीन तुमच्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. वरच्या मजल्यावरचा उजेड खालच्या कपाटांपर्यंत पोचतो. सासूबाईंनी ना. सी. फडक्यांच्या कादंबऱ्या तिथूनच आणून वाचल्या. घरी आणताना त्या भाजीच्या पिशवीत मेथीखाली ठेवायच्या.

दुसरी गोष्ट म्हणजे रावपुऱ्यात गल्लीच्या तोंडाशी असलेलं एक भाड्याचं वाचनालय. आता ते नाही. दुकान एवढंसं, दोन माणसं उभी राहिली की भरलं. डिपॉझिट ठेवायचं, दिवसाच्या हिशोबानं भाडं द्यायचं. इंग्रजी प्रेमकथा मागच्या फळीवर, आणि प्रत्येकीला खाकी कागदाचं कव्हर, कारण मूळ चित्र घरच्यांना दिसलं तर मुलींना पुस्तक परत करायला लावतील, हे मालकांना पक्कं ठाऊक होतं. कण्यावर शाईनं फक्त नंबर. आमची ओळख नंबरांनीच व्हायची: ‘२१४ वाचलीस? त्यातला डॉक्टर?’

पुढं कधीतरी वाचनात आलं की ज्या मिल्स अँड बून कंपनीची ही पुस्तकं, ती लंडनमध्ये १९०८ मध्ये निघाली तेव्हा निव्वळ प्रेमकथा छापत नव्हती. १९३० च्या दशकात तिकडेही गल्लोगल्ली भाड्यानं पुस्तकं देणारी वाचनालयं होती, आणि तिथल्या बायकांनी प्रेमकथा इतक्या मागून नेल्या की कंपनीनं तोच मार्ग धरला. त्या वेळी त्या पुस्तकांची बांधणी तपकिरी होती आणि बायका ती रंगावरून मागायच्या. हे वाचलं त्या दिवशी मला रावपुऱ्याचं ते दुकान डोळ्यांसमोर दिसलं. कुठलं लंडन, कुठला रावपुरा! पण पुस्तक तपकिरी, आणि हात वाचकाचा, जो ते घरी नेतोच.

त्या वेळच्या कादंबऱ्यांत सगळी गोष्ट नायिकेच्या डोळ्यांनी दिसायची. नायकाच्या मनात काय चाललंय हे तिला कळत नसे आणि आपल्यालाही नाही. तो नुसता कपाळाला आठ्या घालून खिडकीशी उभा. आता तसं नाही. आताच्या पुष्कळ कादंबऱ्यांत एक प्रकरण तिचं, एक त्याचं. एकच भेट दोनदा कळते. तिला वाटतं तो वैतागून निघून गेला, आणि पुढच्या प्रकरणात समजतं की तिच्या शर्टाला गवताची काडी चिकटली होती, ती काढायला हात पुढे झाला आणि आपला हात आपल्यालाच आवरेना म्हणून तो पळाला. हे मला विलक्षण वाटतं. माणसाबद्दल आपला अंदाज किती चुकू शकतो, हे दर वीस पानांनी समोर येतं.

आणि आताचा नायक विचारतो. हात धरण्याआधी विचारतो. पूर्वीचे नायक मनगट पकडायचे. ते वाचताना तेव्हाही मला खटकायचं, पण सगळीकडे तसंच असल्यामुळे मी गप्प बसायचे. आता तो थांबतो आणि विचारतो. इंग्रजीत जे काही असेल ते असो, मी मराठीत ‘चालेल ना तुला?’ असं सांगते. बडोद्याच्या माणसाच्या तोंडी ‘चालेल’ हा शब्द दिवसातून पन्नास वेळा असतो, पण त्या जागी तो आला की सासूबाई दर वेळी मान डोलावतात.

दार बंद होणारी पानं मी गाळते, अर्थात. एकदा त्यांनी पकडलं. ‘आत्ता तीन पानं एकदम उलटलीस. आवाज आला मला.’ मी म्हटलं, ‘आई, तिथं बोलणं काही नाही.’ त्यावर त्या म्हणाल्या, ‘बरं. पण दोघं सुखात आहेत ना?’ मी हो म्हटलं.

आता त्या दोन पानांकडे परत येते. जनावरांच्या डॉक्टरीणबाई दुकानदाराला ‘तू’ कधी म्हणाल्या? माझ्या हिशोबानं आणखी साठ पानांनी. त्याच्या वडिलांच्या आजारपणाची गोष्ट तो तिला सांगतो, सांगता सांगता हिशोबाच्या वहीत विनाकारण रेघा ओढत राहतो. ती वही हळूच बाजूला करते आणि म्हणते, इतके दिवस हे एकट्यानं सोसलंस? तिथं मला क्षणभरही थांबावं लागलं नाही. ‘सोसलंत’ म्हणूच शकले नसते.

मग या प्रकारच्या कादंबरीत जे होतं ते होतं. तीन-चतुर्थांश पुस्तक संपलं की काहीतरी फिसकटतं. गैरसमज, जुनी भीती, कुणीतरी लपवलेली गोष्ट. नवे वाचक इथं वैतागतात. ‘एकदा बसून बोलले असते तर प्रश्न मिटला नसता का?’ मिटला असता. पण बोलता येत नाही हाच तर प्रश्न आहे. या पुस्तकात भांडणाचं प्रकरण सहा पानांचं होतं. नायिका किती दुखावली आहे हे सांगायला लेखिकेनं पाऊस आणला, तुटलेला कप आणला, लांबलचक मनोगत लिहिलं. मी वाचत गेले आणि शेवटी ती दारात उभी राहून त्याला जायला सांगते, तिथं माझ्या तोंडून निघालं, ‘तुम्ही निघा आता.’

सासूबाईंनी हातातली जपमाळ खाली ठेवली. ‘गेलं,’ म्हणाल्या. ‘परत ‘तुम्ही’वर गेली.’

सहा पानांचं काम एका शब्दात झालं. रागावलेली मराठी बाई आवाज चढवत नाही, आदर चढवते. आपल्या भाषेत प्रेमकथा लिहिणाऱ्यांच्या हातात हे केवढं मोठं साधन आहे! म्हणूनच मला मनापासून वाटतं की आजच्या मराठीत अशी जोडपी भरपूर यावीत. मला बडोद्यातलं जोडपं हवंय. नवरात्रातल्या गरब्याच्या मैदानावर नुसतं उभं राहा. हजारो माणसं गोल फिरतायत, गाणारे मधोमध, आणि दर फेरीला तोच एक चेहरा समोरून जातो. नऊ रात्री, रात्रीच्या कितीतरी फेऱ्या. मुलगी दांडिया बाजारची, मुलगा इथल्याच वाडी भागातला गुजराती. त्यांच्याकडेही ‘तमे’ आणि ‘तू’ आहेच. ती मराठीत विचार करते, तो गुजरातीत, आणि दोन भाषांमधून ‘तू’ कुठल्या रात्री उमटतो, एवढंच मला वाचायचंय. लिहा कुणीतरी. मी पहिल्याच दिवशी विकत घेईन, आणि त्याला खाकी कव्हर घालणार नाही.

एका घरगुती समारंभात एक गृहस्थ मला म्हणाले होते, ‘ज्याचा शेवट आधीच ठाऊक, ते पुस्तक वाचायचं तरी कशाला?’ मला तेव्हा उत्तर सुचलं नाही, फार वाईट मात्र वाटलं. उत्तर सासूबाईंनी दिलं, तेही त्या गृहस्थांना न भेटता. त्यांच्या देवघरात एकनाथांचं ‘रुक्मिणीस्वयंवर’ आहे, अठरा प्रसंगांचं. लग्नाआधी त्यांनी त्याची पारायणं केलीत. ‘रुक्मिणीचं लग्न कृष्णाशीच होणार हे मला पहिल्या पारायणाला ठाऊक नव्हतं होय?’ त्या म्हणाल्या. ‘तरी रथ येईपर्यंत जीव टांगलेला असायचा.’ शेवट ठाऊक असला की तो कधी गाठायचा याची घाई राहत नाही. मग रथाची धूळसुद्धा दिसते.

आणि रुक्मिणी तर आमच्या विदर्भाची, कौंडिण्यपूरची. लग्न करून गुजरातेत आली. तिची गोष्ट निघाली म्हणून मी भागवतातलं तिचं पत्र काढलं, दहाव्या स्कंधातलं. सात श्लोकांचं आहे. न पाहिलेल्या माणसाला एका मुलीनं लिहिलेलं पत्र, आणि काय पत्र आहे! सहाव्या श्लोकात तीच म्हणते, तू विचारशील की अंतःपुरातून तुला नेऊ कशी, तर उपाय मी सांगते. लग्नाच्या आदल्या दिवशी कुलदेवीच्या दर्शनाला नवरीला गावाबाहेर नेतात. सगळा बेत तिचाच. त्यानं फक्त रथ घेऊन यायचं.

मी सवयीनं शोधायला लागले, ती त्याला काय म्हणते? संस्कृतातही दोन्ही आहे, ‘त्वम्’ आणि ‘भवान्’. पहिल्याच श्लोकात ‘ते’, ‘त्वयि’. म्हणजे ‘तू’. माझं मन लाज सोडून तुझ्यात शिरलंय, असं ती लिहिते. दुसऱ्या श्लोकातही ‘तू’च. तिसऱ्यात, जिथं ती ‘पती म्हणून निवडलं’ असं सांगते, तिथं एकदम ‘भवान्’. ‘आपण’. आणि पाचव्यात, ‘उद्या लग्न आहे, गुपचूप ये’ हे सांगताना पुन्हा ‘त्वम्’.

मी हे सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘मागणी घालताना ‘आपण’ म्हणाली. बरोबर. तिथं घाबरली असेल.’

आमच्या घरचं सांगते. सासरे सासूबाईंना पहिल्या दिवसापासून ‘अगं’ म्हणत, त्या जन्मभर ‘अहो’. मी माझ्या नवऱ्याला चारचौघांत ‘अहो’ म्हणते, घरात ‘अरे’. माझी मुलगी तिच्या नवऱ्याला कॉलेजपासून नावानंच हाक मारते. तीन पिढ्यांत ते पान केवढं पुढं सरकत आलंय. त्या दुपारी मला राहवलं नाही आणि मी विचारलं, ‘आई, तुम्ही बाबांना कधीच ‘तू’ म्हणाला नाहीत?’

त्यांनी भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं. हार सकाळचाच होता.

‘आता म्हणते की,’ त्या म्हणाल्या. ‘देवाला आपण ‘तू’च म्हणतो ना. सकाळी हार घालताना त्यांनाही तसंच म्हणते. तोंडात बसायला वर्ष लागलं.’

मग पदर सारखा केला, जपमाळ पुन्हा हातात घेतली आणि म्हणाल्या, ‘हं, वाच. तो परत आलाय का तिच्या दारात?’

आला होता. भिजून. आणि ती दार उघडून त्याला जे म्हणते ते इंग्रजीत दोनच शब्द होते, ‘कम इन’.

‘ये,’ मी वाचलं.