अंदाजपत्रकातला आकडा येतो कुठून

आत येताना एकाने मला विचारलं, सर, बांधकाम परवानगीच्या फॉर्मवर 'बांधकामाचा अंदाजे खर्च' असा रकाना असतो, तिथे कॉन्ट्रॅक्टरने सांगितलेला आकडा टाकला तर चालेल का? आता टाकला म्हणून लगेच कोणी तुमचा हात धरत नाही, पण कॉन्ट्रॅक्टरच्या आकड्यात काय धरलंय आणि काय सोडलंय हे बऱ्याचदा त्यालाच विचारावं लागतं, आणि ऑफिसात टेबलापलीकडचा माणूस तेच तुम्हाला विचारतो. तेव्हा आपण गप्प!

त्या माणसाला काय बघायचं असतं? खूप ठिकाणी फी या खर्चाच्या प्रमाणात लागते, म्हणून लोक आकडा खाली ओढतात हे त्याला पाठ असतं. तो तुमचं क्षेत्रफळ घेतो, स्वतःच्या दराने गुणतो आणि तुमच्या आकड्याशेजारी ठेवतो. तफावत फार असेल तर खुलासा मागतो, नाहीतर काही ठिकाणी सरळ त्यांचाच आकडा धरून फी लावतात. म्हणजे ओढाताण करून हातात काहीच येत नाही. वर पुढे विमा, कर्ज यांच्या वेळी तोच कागद कोणीतरी काढून दाखवतो ते वेगळंच.

आता अंदाज दोन तऱ्हेने काढता येतो. एक म्हणजे प्लिंथ एरिया, म्हणजे जोत्याच्या पातळीवर बाहेरून मोजलेलं क्षेत्रफळ, गुणिले दर, पाच मिनिटांचं काम. सुरुवातीला ठीक आहे, पण त्यात एकच गोष्ट सांभाळा, युनिट. मी नवीन असताना क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये लिहिलं आणि दर लावला चौरस फुटाचा. एक चौरस मीटर म्हणजे १०.७६ चौरस फूट, त्यामुळे अख्खं घर दहाव्या हिश्शाहून कमी पैशात उभं राहिलं. खिडकीवरचा माणूस शांतपणे म्हणाला, साहेब, घर आहे की खुराडं? त्यानंतर मी प्रत्येक आकड्यापुढे युनिट लिहितो, अगदी स्वतःच्या कच्च्या कागदावरसुद्धा.

दुसरी तऱ्हा म्हणजे ड्रॉइंगवरून एकेक आयटम मोजायचा, खोदाई, पाया, जोतं, वीटकाम, स्लॅब, गिलावा, फरशी, दारं-खिडक्या, प्लंबिंग, वायरिंग. वेळखाऊ आहे पण खरा अंदाज हाच. आणि लोक चुकतात ते बहुतेक कोपऱ्यांत. आतून ४ बाय ३ मीटरची खोली घ्या, भिंत २३ सेंटीमीटर जाडीची, उंची ३ मीटर. बाहेरून मोजलं तर भिंतीची लांबी १५.८४ मीटर येते, भिंतीच्या मध्यरेषेवरून मोजलं तर १४.९२. फरक ०.९२ मीटर, कारण बाहेरून मोजताना चारही कोपरे दोनदा धरले जातात. ०.९२ गुणिले ३ गुणिले ०.२३ करा, ०.६३ घनमीटर वीटकाम, म्हणजे २० बाय १० बाय १० सेंटीमीटरचं माप (सांध्यासकट) धरलं तर तीनशेच्या वर विटा नुसत्या कागदावर जास्त. एका खोलीत! वर दारं-खिडक्या वजा करायच्या राहिल्या तर विचारूच नका.

सळईचं काय, असं तुम्ही विचारणारच. परवानगीच्या वेळी बऱ्याचदा स्ट्रक्चरल ड्रॉइंग, म्हणजे कुठे किती सळई ते दाखवणारं ड्रॉइंग, हातात नसतं, मग काँक्रीटच्या घनफळावरून स्टील धरतात. स्टीलचं वजन घनमीटरला ७८५० किलो, त्यामुळे १ टक्का स्टील म्हणजे दर घनमीटर काँक्रीटमागे ७८.५ किलो. स्लॅबला साधारण एक टक्क्याच्या आतबाहेर, बीम-कॉलमला त्याहून जास्त. ड्रॉइंग आल्यावर मात्र सळया मोजाच. मिलिमीटरमधल्या व्यासाचा वर्ग भागिले १६२ केलं की मीटरमागचं वजन किलोत मिळतं, १२ एमएमची सळई ०.८९ किलो. हा १६२ काही जादूचा नाही, त्याच ७८५० मधून निघतो, कधीतरी स्वतः करून बघा.

मग आत काय धरायचं आणि बाहेर काय? जागेची किंमत सहसा नाही, फर्निचर नाही. घरच्यांनी फुकट केलेली मजुरी किंवा जुनी पडून असलेली खिडकी बसवणार असाल तर तिचीही बाजारभावाने किंमत धरा, कारण विचारतात ते बांधकामाचं मूल्य, तुमच्या खिशातून गेलेले पैसे नाही. दुरुस्ती असेल तर जेवढ्या भागाला हात लावणार तेवढंच. अर्थात त्या-त्या ऑफिसचा नियम आधी विचारून घ्या, फॉर्मच्या मागे बारीक अक्षरात बऱ्याचदा लिहिलेलं असतं आणि कोणीच वाचत नाही.

शेवटी अनपेक्षित खर्चासाठी ३ ते ५ टक्के वेगळी ओळ ठेवा, प्रत्येक आयटमचा दर गुपचूप फुगवू नका. फुगवलेला दर तीन महिन्यांनी तुम्हालाच ओळखू येत नाही. आणि दर कोणत्या तारखेचे ते वरच्या कोपऱ्यात लिहा. मेजरमेंट शीट, म्हणजे सगळ्या मोजमापांचा तक्ता, अर्जाला जोडा किंवा जोडू नका, पण फाईलला हवीच, कारण प्रश्न आला की आकडा आठवत बसायचं नसतं, शीट पुढे सरकवायची असते. चला, मागे कोणाचा तरी हात वर आहे, जिन्याचं घनफळ ना? फळ्यावर काढतो, थांबा.