मधला खांब जमिनीला टेकत नाही

नाशिक. जुन्या आग्रा रोडलगतच्या एका बंगल्याचं आवार. आंब्याखाली उभी असलेली ही बैठी कौलारू खोली बहुतेकांना अडगळीची वाटते. पण दाराची रुंदी बघा. आठ फूट, दोन फळ्या, दोन्ही बाहेर उघडणाऱ्या. माणसासाठी एवढं दार कोण ठेवतं? हे मोटारीचं घर आहे.

गावठाणातल्या वाड्यांत मोटार शिरणं अवघडच होतं. गोदावरीकडे उतरणाऱ्या गल्ल्या अरुंद, आणि वाड्याचं बांधकाम खणांचं. सराफ बाजारातल्या सरकारवाड्यात गेलात तर लाकडी खांबांच्या रांगा दिसतील. दोन खांबांमध्ये माणूस बसतो, बैठक घालतो. फोर्डची मॉडेल टी मात्र साडेपाच फूट रुंद, शिवाय दोन्ही बाजूंना दारं उघडायला जागा हवी. म्हणजे आत एकही खांब नको.

आता वर बघा. मला या वास्तूत सगळ्यात आवडते ती ही सागवानी कैची, म्हणजे छप्पर तोलणारी त्रिकोणी चौकट.

दोन तिरके वासे वर आढ्याला भिडतात. कौलांच्या ओझ्याने त्यांचे पाय बाहेर फाकू पाहतात, भिंतींना ढकलतात. ते पाय खालच्या आडव्या तुळईने बांधून ठेवलेत. आणि मधला हा उभा दांडा? तो तुळईवर उभा आहे असं वाटतं. खरं उलट आहे. तो वरच्या टोकाला लटकलाय आणि तुळईला मधोमध उचलून धरतोय. म्हणून त्यांच्या सांध्यावर ही लोखंडी पट्टी खालून वेढा घालून वर आलीय. नुसतं टेकायचं असतं तर पट्टीची गरजच नव्हती.

त्याच जागी एक कडी आहे. शेजारी तुळईच्या कडेवर बोट फिरवलं की दोराने पडलेली गुळगुळीत खाच लागते. इथूनच इंजिन उचलत. भार दांड्यातून वर, वाशांतून खाली, आणि भिंतींत.

खोली आत बारा फूट बाय अठरा फूट. दोन कैच्या, पुढेमागे त्रिकोणी माथ्याच्या भिंती, झाले तीन खण. वर रिपा, साधारण फूटभर अंतराने, आणि त्यांत अडकलेली मंगळुरी कौलं. एक कौल अडीच किलोच्या आसपास. अशी पाचशेच्या घरात, म्हणजे डोक्यावर बारा क्विंटल माती.

हे उतरवलेलं कौल उलटं करून बघू. बासेल मिशनचा छाप आणि 1865. हे कौलाचं वय नव्हे, मंगळूरचा कारखाना सुरू झाला ते साल. छाप वाचायलाच हवा, कारण प्रत्येक कारखान्याच्या कौलाची खाच थोडी वेगळी असते. पाडलेल्या वाड्यातून भलतीच कौलं आणून बसवली की दोन खाचांमधून पाणी आत येतं.

जमिनीत खड्डा आहे, फळ्यांनी झाकलेला. मोटारीखाली उभं राहून काम करायला. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती खाली साचते. म्हणून भिंतीतले झरोके छताजवळ नाहीत, जोत्यालगत आहेत. ज्याने ते तिथे ठेवले, त्याला मोटार नीट कळली होती.

मालकांना पत्रा टाकायचा सल्ला देणारे पुष्कळ भेटले. पत्रा स्वस्त, दर वर्षीची शाकारणी नको. पण नाशिकचा एप्रिल पत्र्याखाली काढून बघा, आणि गारा पडल्या की तो आवाज ऐका. मालकांनी कौलंच ठेवली, याचा मला मनापासून आनंद आहे.

मृग लागायला आठ दिवस आहेत. मिस्त्री वाशावर पाय देऊन बसलेत, रिपेवर नाही. खालून कौलं हातोहात वर जातायत.

"काका, काचेचं कौल कुठे घेऊ?"

"होतं तिथेच. खड्ड्यावर उजेड पडू दे."